आधी सामू तपासा, मग ब्लूबेरी लावा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला घरच्या बागेतील ब्लूबेरीवरचा लेख वाचला. ऊन, पाणी, छाटणी यांवर छान लिहिले आहे. मातीचा विषय मात्र ‘भरपूर शेणखत आणि मूठभर राख घालावी’ एवढ्यावर आटोपला. त्याच मूठभर राखेने माझी दोन झुडपे गेली, म्हणून हे पत्र.

मी शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. 28 वर्षे मुलांच्या हातात लिटमसच्या पट्ट्या दिल्या. निवृत्त झाल्यावर हौसेने ब्लूबेरी लावली, तेव्हा आपल्याच मातीला एक पट्टी लावून पाहण्याचे काही सुचले नाही. गुलाबाला मानवते ते हिलाही मानवेल, अशा हिशेबाने खत घातले, राख घातली. दोन महिन्यांत कोवळी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. शेतकरी याला केवडा म्हणतात. मला वाटले झाड उपाशी आहे, म्हणून आणखी खत घातले. मग पानांच्या कडा करपल्या आणि पाठोपाठ दोन्ही झाडे वाळली.

शेवटी शाळेतून जुना सामूमापक मागून आणला (सामू म्हणजे pH, माती किती आम्ल वा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा; तो जितका कमी, तितकी माती आम्ल) आणि ती माती ऊर्ध्वपातित पाण्यात कालवून मोजली. सामू निघाला 7.8. ब्लूबेरीला साधारण 4.5 ते 5.5 लागतो. आकडे तसे शेजारचे वाटतात, पण या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट, तीन अंक म्हणजे हजारपट. इतक्या अल्कधर्मी मातीत लोह असूनही विरघळत नाही, मग मुळांनी घ्यायचे कसे? आणि राख तर सामू वरच ढकलते.

ही चूक करणारा मी पहिलाच नाही, एवढेच समाधान. रानातली ब्लूबेरी सुपीक बागेत आणून लावली की ती का मरते, याचे उत्तर अमेरिकेच्या कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी 1910 मध्येच छापले होते: तिला आम्ल माती हवी. पुढे न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी फळे तोडणाऱ्यांकडून मोठ्या फळांची रानझुडपे शोधून घेतली, दोघांनी मिळून त्यांवर काम केले आणि 1916 मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचा पहिला माल बाजारात गेला.

दुसऱ्या खेपेला मोठ्या कुंडीत पीट मॉस (दलदलीतले अर्धवट कुजलेले शेवाळ) आणि पाइनच्या सालीचा चुरा भरला. सामू 4.9. वर्षभर झुडूप खुशीत होते, मग पुन्हा केवडा! या वेळी चोर पाण्यात निघाला. बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट रोज थोडा थोडा सामू चढवत होते. आता पावसाचे पाणी पिंपात साठवतो. व्हिनेगर घालून पाहिले, चार दिवसांचा खेळ. वापरलेला कॉफीचा चोथा आम्ल असतो ही समजूतही सोडून द्यावी. आम्ल बहुतेक पेल्यातच उतरते. पाइनच्या सुयाही सामू फारसा उतरवत नाहीत, पण आच्छादनाला उत्तम. गंधकाचा उपयोग होतो, मात्र त्याचे आम्ल मातीतले जिवाणू सावकाश करतात. म्हणून गंधक लावणीच्या कित्येक महिने आधी मिसळावे. जमीन चुनखडीची असेल तर तिच्याशी झुंजत न बसता सरळ कुंडी घ्यावी.

मुळांबद्दलही लेखात काही नाही. ब्लूबेरीची मुळे केसासारखी बारीक, उथळ असतात आणि त्यांना मूळरोम, म्हणजे पाणी शोषणारे सूक्ष्म केस, नसतात. ती सुकायला एक कडक दुपार पुरते. म्हणून बुडाशी खुरपे चालवू नये, आठ-दहा सेंटिमीटर आच्छादन ठेवावे. खत द्यायचे तर अमोनियम सल्फेट, तेही चिमटीने. नायट्रेटची खते तिला रुचत नाहीत.

पहिल्या वर्षी फुले खुडा, हे लेखात आहे ते बरोबर. जिवावर येते खरे. माझ्या नातीने एक घोस पानांआड लपवून ठेवला होता आणि मीही तो दिसला नाही असे दाखवले. फळ निळे झाले म्हणजे पिकले असे नव्हे, हे तिला त्याच घोसाने शिकवले. देठाजवळची लाली जाईपर्यंत आणखी काही दिवस थांबावे लागते.

एक विनंती. झाडांवरच्या आपल्या लेखांसोबत चौकटीत ऊन किती तास हवे ते नेहमी असते. त्याच्या शेजारी सामूच्या एका आकड्याला जागा व्हावी.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक