चावीचं तेवढं

चि. मनू,

काल फोनवर मी आवाज चढवला. नंतर जेवण गेलं नाही. बाबांचं घर विकायला दलाल नको म्हणतेस ते चूक नाही, हे कबूल करायलाच लिहायला बसलेय. ऐंशी लाखांवर दोन टक्के दलाली म्हणजे १ लाख ६० हजार, दलाल जीएसटीत नोंदलेला असला तर वर १८ टक्के, आणखी २८,८००. गिऱ्हाईक आणणं, भाव बोलणं, कागद सरकवणं, हे तुला जमेल. आकड्यांत तू माझ्या पुढेच आहेस. पण पैसे येईपर्यंत दोघांच्या मधे उभं राहणं हेही त्याचं काम असतं, ते आता तुझ्यावर. चावी आधी देऊ नकोस. हे परत लिहिणार नाही.

भाव जाहिराती बघून ठरवू नकोस. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्याच इमारतीतल्या वर्षभराच्या इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे उतारे, काढ आणि किमतीला कार्पेटने, म्हणजे भिंतींच्या आतल्या क्षेत्रफळाने, भाग. जुन्या करारात बिल्ट-अप, म्हणजे भिंती धरून, असतं, त्याने भागलंस तर दर कमी दिसेल. शिवाय दलाली वाचली म्हणून घेणाराही तेवढेच पैसे पाडून मागणार, तेव्हा वाचलेलं सगळं तुझंच असं धरू नकोस. "थोडे रोख देतो" म्हणाला तर सरळ नाही सांग. घरापोटी वीस हजार किंवा त्यावर रोख घेतली तर तेवढाच दंड रोख घेणाऱ्याला लागू शकतो, म्हणजे तुला.

फाईल कपाटात खाली आहे. बिल्डरचा मूळ करार, त्याची इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. नोंदणीची पावती लोक हरवतात आणि घेणाऱ्याच्या बँकेचा वकील नेमकी तीच मागतो. बाबांनी ती कराराच्या मागे टाचणीने लावली होती. टाचणी गंजून कागदावर तांबडा डाग पडलाय, ओढू नकोस, फाटेल. यादीही त्यांच्याच अक्षरात आहे, "पावती" दोनदा लिहिलंय. माझं आणि दादाचं हक्कसोडपत्र, आमचा वाटा तुझ्या नावे सोडल्याचं, मागच्या कप्प्यात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्यामुळे ते दाखवावं लागेलच. दादाला एक फोन कर. त्याने एका शब्दाने न विचारता सही केली होती.

असो. घेणाऱ्याचं कर्ज मंजूर झाल्याचं पत्र बघेपर्यंत फक्त झेरॉक्स दे. टोकनच्या पावतीवर किंमत आणि करार नोंदवायची तारीख लिही, आणि कर्ज नामंजूर झालं तर टोकन परत की जप्त तेही. भांडणं बहुतेक त्या न लिहिलेल्या ओळीवरूनच होतात. सोसायटीची हस्तांतर फी कोण भरणार तेही तिथेच लिही. महापालिका हद्दीत ती २५ हजारांवर घेता येत नाही, कमिटीने देणगी म्हणून मागितली तरी. किंमत ५० लाखांवर असल्याने घेणारा प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस, म्हणजे तुझ्या नावे भरायचा आगाऊ आयकर, कापेल, एकूण ८० हजार. पॅनचा एक आकडा चुकला तर ते दुसऱ्याच्या नावावर जातात, म्हणून आयकराच्या साइटवर जमा दिसेपर्यंत बघत राहा.

आणि चावी. लिहिणार नव्हते, पण "मुहूर्त आहे, नुसता कलश ठेवू द्या" असं म्हणणारे भेटतात. फर्निचरचं माप घ्यायचंय म्हणतात. एकदा आत सामान गेलं की राहिलेल्या हप्त्याची घाई त्यांना उरत नाही, आणि माणसाला बाहेर काढायला कोर्टातच जावं लागतं. माप घ्यायचं तर तू उघड, तू थांब, तूच बंद कर. बँकेचा चेक हातात आला म्हणूनही नाही, तो वटून खात्यात रक्कम दिसली पाहिजे. मग ताबा पावतीवर तारीख आणि वीज मीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घे.

फार शिकवलं, रागावू नकोस. इतकी वर्षं सोसायटीचे कागद सांभाळले, सवय जात नाही. दुसरी चावी माझ्याकडेच आहे. खात्यात पैसे आले की मला कळव, मी स्वतः आणून देईन.

तुझी आई