‘जर्मनीतले तुर्क’ म्हणजे नेमके कोण?

मा. संपादक,

‘स्वतः युरोपच्या लोकशाहीत राहायचे आणि मायदेशासाठी मात्र हुकूमशहा निवडायचा’ असा जर्मनीतील तुर्कांविषयीचा सूर आपल्या अंकातील लेखात होता. नोकरीनिमित्त मी काही वर्षे श्टुटगार्टला होतो, म्हणून हे पत्र.

अध्यक्षांच्या हाती अफाट अधिकार देणाऱ्या २०१७ च्या सार्वमतात जर्मनीतून ६३ टक्के मते तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्या बाजूने पडली, हे खरेच. पण ही टक्केवारी पडलेल्या मतांची. तिथे तुर्की वंशाचे लोक ३० लाखांच्या घरात, तुर्कस्तानात मताधिकार असलेले १४ लाखांच्या आसपास, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक मतदानाला गेलेच नाहीत. ‘हो’ म्हणणारे उरले ते सुमारे चार लाख! त्याच सार्वमतात अमेरिकेतून ८० टक्क्यांहून अधिक मते विरोधात गेली. १९६१ च्या करारानंतर जर्मनीत आले ते बरेचसे तुर्कस्तानातल्या अनातोलियाच्या खेड्यांतले धार्मिक वळणाचे कामगार. अमेरिकेत गेले त्यांत शिकलेले, शहरी लोक जास्त. निघतानाच माणसे वेगळी होती.

माझा एक तुर्की सहकारी एर्दोगानचा मुळीच चाहता नव्हता. तरी टीव्हीवर त्यांच्यावर टीका सुरू झाली की तो चिडायचा, कारण दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कुणीतरी ‘तुमचा एर्दोगान’ म्हणणार हे ठरलेले. जन्म जर्मनीतला, तरी ‘तुमचा’! १९९३ मध्ये जर्मनीतल्या झोलिंगेनला तुर्की कुटुंबाचे घर पेटवून पाच जणींचा जीव घेतला गेला. पुढे नवनाझींनी तुर्की दुकानदारांचे खून पाडले, तेव्हा पोलीस वर्षानुवर्षे मृतांच्याच घरच्यांवर संशय घेत राहिले. अशा माणसाला राजवटीवरची टीका स्वतःवरची वाटली तर नवल काय?

मात्र ‘पाश्चात्त्य माध्यमे बदनामी करतात’ हे एर्दोगान-समर्थकांचे पालुपद मला पटत नाही. ‘डी वेल्ट’ या जर्मन दैनिकाचा वार्ताहर डेनिझ युजेल याच स्थलांतरितांच्या घरातला, तुर्कस्तानात वर्षभर तुरुंगात होता. एर्दोगान यांचे प्रतिस्पर्धी, इस्तंबूलचे महापौर इमामोग्लू यांना २०२५ च्या मार्चमध्ये अटक झाली, ती काही जर्मन संपादकांनी रचलेली गोष्ट नव्हे.

‘जुम्हुरियेत’ या तुर्की दैनिकाचे माजी संपादक जान दुंदार २०१६ पासून जर्मनीत आहेत आणि त्यांच्या गैरहजेरीत त्यांना तुर्की न्यायालयाने २७ वर्षांहून अधिक शिक्षा ठोठावली आहे. याच विषयावर पुन्हा लेख आला, तर त्यात अशा निर्वासितांचे म्हणणेही यावे, एवढीच विनंती.

– एक वाचक, पुणे