झाड जगलं म्हणजे फळेलच असं नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत थंड हवामानातल्या बागेसाठी फुलझाडं आणि फळझाडं कोणती लावावीत यावर लेख आला, फोटो सुंदर होते, यादीही भरपूर मोठी, पण जवळपास प्रत्येक झाडापुढे 'थंडी सहन करते' एवढंच लिहून विषय संपवलाय, आणि नेमकं तेवढ्यावर विसंबून झाड घेतलं की चार-पाच वर्षं नुसती पानं बघत बसावं लागतं. थंडीत झाड जिवंत राहणं वेगळं आणि त्याला फूल-फळ येणं वेगळं, हे लेखात कुठेच आलं नाही म्हणून हे पत्र.

नर्सरीच्या लेबलवर जो झोन नंबर (झाड किती थंडीपर्यंत तगतं ते सांगणारा आकडा) असतो तो बहुतेक वेळा अमेरिकन कृषी खात्याच्या नकाशावरून घेतलेला असतो. त्यात १३ झोन आहेत, आणि ते ठरतात फक्त एका गोष्टीवर, वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीच्या तापमानाची ३० वर्षांची सरासरी. झोन ४ म्हणजे साधारण उणे ३४ ते उणे २९ सेल्सिअस, झोन ५ म्हणजे उणे २९ ते उणे २३. आता सरासरी म्हटली की एखाद्या वर्षी पारा त्याच्याही खाली जाणार हे आलंच. शिवाय हा नंबर उन्हाळा किती लांब आहे, शेवटचा फ्रॉस्ट (गोठवणारं दंव) कधी पडतो, बर्फाचा थर टिकतो की वितळून परत गोठतो, यातलं काहीच सांगत नाही. २०२३ साली नकाशा नव्याने काढला तेव्हा बरेच भाग अर्ध्या झोनने उबदार निघाले, ते बघून लोक लगेच नाजूक झाडं लावायला धावतात, पण सरासरी वर सरकली म्हणून एखादी कडाक्याची रात्र येणारच नाही असं थोडीच आहे.

फळझाडांचं खरं दुखणं वसंतात आहे. सफरचंद पूर्ण फुलावर असताना उणे २ सेल्सिअसला साधारण १० टक्के फुलं मरतात आणि उणे ४ च्या आसपास ९० टक्के. म्हणजे जे झाड ऐन हिवाळ्यात उणे ३० ला हूं की चूं करत नाही, त्याचं वर्षभराचं पीक एका पहाटेत जातं! जर्दाळूचं तर विचारूच नका, झाड काटक असतं, पण जरा ऊब आली की घाईघाईने फुलतं आणि मागून येणाऱ्या फ्रॉस्टमध्ये सापडतं. पीचची अडचण आणखी वेगळी, त्याच्या फुलकळ्या उणे २३ च्या आसपास झोपेतच मरायला लागतात, लाकूड मात्र तगतं, मग वसंतात झाड हिरवंगार होतं आणि आपण फुलांची वाट बघत राहतो. म्हणून थंड ठिकाणी फळझाड घेताना आधी विचारायचं की हे फुलतं कधी. उशिरा फुलणारं घ्यायचं, आणि खोलगट जागेत लावायचं नाही कारण थंड हवा जड असते, ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहत येऊन तिथेच साचते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवून लावायचा सल्ला सगळे देतात (उत्तर गोलार्धातली गोष्ट), द्राक्षवेलीला ठीक आहे, पण जर्दाळूला तीच ऊब अजून लवकर जागं करते.

दुसरं म्हणजे खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं मुळांसकटचं रोप. फळझाड बहुतेक कलमीच असतं, वरची जात काटक आणि खालचा खुंट नाजूक असेल तर लेबलवरच्या नंबरला काय अर्थ? एम ९ हा बुटका खुंट जगभर चालतो पण कडक थंडीत त्याची मुळं दगा देतात, तिथे रशियाकडचा बुडागोव्हस्की ९ किंवा अँटोनोव्का जास्त भरवशाचे. लेखात हनीक्रिस्प सफरचंदाचा फोटो आहे, ती मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये आणलेली जात, थंडीला उत्तमच, पण सफरचंदाला फळ धरायला जवळपास त्याच वेळी फुलणारी दुसरी जात लागते हे एका वाक्यात लिहायला काय हरकत होती? हॅस्कॅप (लांबट निळी बेरी येणारं झुडूप) याचंही तसंच. खरं तर थंड बागेसाठी माझ्या मते हॅस्कॅपइतकं गुणी झुडूप नाही, फुलं उणे ७ पर्यंत तग धरतात, फळ स्ट्रॉबेरीच्याही आधी येतं, पण एकाच जातीची दोन झुडपं शेजारी शेजारी लावली तर फळं जवळजवळ येतच नाहीत, एकमेकांशी नातं नसलेल्या आणि एकाच वेळी फुलणाऱ्या दोन जाती लागतात. जागा अगदीच कमी असेल तर सस्कॅचवान विद्यापीठाच्या झुडपी आंबट चेरी बघाव्यात, कार्माइन ज्युएल वगैरे, त्या एकट्या लावल्या तरी फळतात.

फुलझाडांतही हाच घोळ, हायड्रेंजिया घ्या. मोठ्या गोल निळ्या-गुलाबी गेंदांचा जो प्रकार सगळ्यांना हवा असतो तो बहुतेक करून आदल्या वर्षीच्या फांदीवर फुलतो, कडक हिवाळ्यात ती फांदी जमिनीपर्यंत मरते, मुळातून नवीन फूट येते आणि फूल नाही. पॅनिक्युलाटा प्रकार किंवा ॲनाबेल त्याच वर्षीच्या नव्या फांदीवर फुलतात, मग हिवाळा कसाही जावो. लेखात फोटो अर्थातच निळ्याचा! कलमी गुलाबाचंही तेच, वरचा गुलाब थंडीने जातो, खालचा खुंट फुटतो आणि लोक म्हणतात गुलाबाने रंग बदलला. त्यापेक्षा रुगोसा हा काटक गुलाब, किंवा कॅनडाच्या सरकारी कृषी संशोधनातून आलेले एक्सप्लोरर मालिकेतले गुलाब, स्वतःच्या मुळावर वाढवलेले घ्यावेत, जमिनीपर्यंत मेले तरी परत तोच गुलाब येतो. लायलॅक, पिओनी यांना तर थंडी हवीच असते, त्यांच्याबद्दल काळजी नको, फक्त पिओनीचे डोळे (मुळावरचे कोंब) ५ सेंटिमीटरपेक्षा खोल पुरू नयेत, नाहीतर झुडूप वाढतं आणि फुलत नाही.

कुंडीतल्या झाडांना लेखात जमिनीतल्यांसारखाच झोन दिलाय तो तर सरळ चूक आहे. कुंडीतली माती चारी बाजूंनी गोठते आणि मुळं खोडाइतकी काटक नसतात, त्यामुळे कुंडीसाठी आपल्या झोनपेक्षा दोन झोन थंड ठिकाणी चालणारं झाड घ्यायचं हा नेहमीचा हिशोब.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी यादी छापताना प्रत्येक झाडापुढे किमान तापमान अंशात, फुलण्याचा काळ, जुन्या फांदीवर फुलतं की नव्या, आणि जोडीला दुसरी जात लागते का, एवढं द्यावं. जागा कमी पडत असेल तर एखाददुसरा फोटो कमी केलात तरी आम्हा वाचकांची तक्रार नाही.

आपला,
एक बागप्रेमी वाचक