हत्तीरोगाच्या गोळ्या : वस्तीतील सर्व सभासदांसाठी सूचना

सोमवारपासून आशाताई घरोघर येणार आहेत. आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल अशी तीन औषधे एकत्र दिली जातील. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या उंचीवर ठरतात, त्यामुळे पट्टीशी उभे करून मोजमाप होईल. चपला काढून सरळ उभे राहा, हसण्यावारी नेऊ नका. अल्बेंडाझोल चावून खायची, बाकीच्या पाण्याबरोबर.

जेवून घ्या, उपाशीपोटी गोळ्या नकोत. आणि "ठेवून जा, रात्री घेते" हे चालणार नाही, ताईंसमोरच गिळायच्या. मागच्या खेपेच्या गोळ्या कितीजणींच्या फडताळात पडून आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे!

दोन वर्षांखालील मुले, गरोदर बाया, बाळंतपणाला आठवडाही न झालेल्या आणि फार आजारी माणसे यांना औषध नाही.

"माझा पाय कुठे सुजलाय?" असे विचारणाऱ्यांसाठी : जंतू अंगात असूनही वर्षानुवर्षे सूज दिसत नाही, आणि तेवढ्यात डास तो शेजाऱ्याकडे पोचवतो. गोळ्यांनंतर थोडा ताप, डोकेदुखी, मळमळ झाली तर बहुधा रक्तातले जंतू मरत असल्यामुळेच. त्रास वाढला तर लगेच आरोग्य केंद्रात जा.

कामावर जाणाऱ्यांनी संध्याकाळची वेळ आशाताईंना आधीच सांगून ठेवावी.

– सचिव