कृषिमंत्र्यांना खुले पत्र : बाटलीवर फूल असेल, तर आत काय आहे तेही ठळक असू द्या

माननीय कृषिमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

कीटकनाशकांची नोंदणी आणि लेबलावर काय छापायचं याचे नियम आपल्या खात्याकडे येतात, म्हणून हे पत्र आपल्याला. मागणी एकच आहे. घरात आणि बागेत मारायच्या प्रत्येक कीटकनाशकाच्या पुढच्या बाजूला, सामान्य माणसाला वाचता येईल अशा भाषेत आणि अक्षरात, दोन गोष्टी लिहिणं बंधनकारक करा: आत नेमकं काय आहे, आणि किड्यांखेरीज ते आणखी कुणाच्या जिवावर उठू शकतं.

दोन वर्षांपूर्वी मी झुरळांसाठी एक फवारा आणला. बाटलीवर पांढऱ्या पाकळ्यांचं, पिवळ्या गाभ्याचं फूल होतं आणि मोठ्या अक्षरांत ‘नैसर्गिक, फुलांच्या अर्कापासून’ असं लिहिलेलं होतं. फुलांचं औषध म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. रात्री खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत फवारलं, दार लावून घेतलं. त्याच खोलीत माशांची काचेची टाकी होती आणि तिचा हवेचा पंप चालू होता. पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. सकाळी सातही मासे पाण्यावर आडवे तरंगत होते. मग भिंग घेऊन बाटलीची मागची बाजू वाचली. अगदी तळाशी सूचना सापडली: टाकी झाकून ठेवा, पंप बंद ठेवा. सूचना होती, हे मी मान्य करते. पण फूल तळहाताएवढं आणि सूचना मुंगीएवढी, असं असेल तर माणूस काय वाचणार?

त्या बाटलीत खरोखरच फुलांचा अर्क होता. फसवणूक झाली असती तर गोष्ट सोपी होती. इथे ‘नैसर्गिक’ हा शब्द खरा होता आणि मी त्याचा अर्थ ‘निरुपद्रवी’ असा घेतला. माझ्यासारखे असंख्य लोक तसाच घेत असणार.

हे फूल म्हणजे पायरेथ्रम, शेवंतीचं जवळचं नातेवाईक. मूळचं डाल्मेशियातलं, म्हणजे एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचं. पुढे जपान, केनिया, टास्मानिया इथे त्याची मोठी लागवड झाली. त्या प्रसंगानंतर मी ओळखीतून थोडी वाळलेली फुलं मिळवली. पांढऱ्या कागदावर एक फूल चुरडलं, तर पाकळ्या कागदासारख्या गळून पडल्या आणि मधल्या तपकिरी बोंडातून उभ्या रेघांच्या, बारीक बिया निघाल्या. कीटक मारणारं द्रव्य मुख्यतः या बियांच्या अंगच्या तैलग्रंथींत असतं, पाकळ्यांत फारसं नसतंच. सगळा चुरा कुटून चिमूटभर पूड मुंग्यांच्या रांगेवर टाकली. आधी मुंग्या भरकटल्या, मग पाय थरथरायला लागले, मग उताण्या पडल्या. बऱ्याच वेळाने त्यांतल्या काही उठून चालायला लागल्या, तेव्हा मात्र मी चकित झाले.

त्यामागचं कारण लेबलाशी थेट जोडलेलं आहे. मज्जापेशींवर सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. संदेश पुढे गेला की ती मिटायला हवीत. फुलातलं पायरेथ्रिन ती उघडीच धरून ठेवतं, त्यामुळे मज्जातंतू संदेश पाठवतच राहतात आणि कीटक कोसळतो. पण मात्रा कमी पडली तर त्याच्या शरीरातली विकरं (एन्झाइम) पायरेथ्रिन तोडून टाकतात आणि तो सावरतो. तसं होऊ नये म्हणून अनेक फवाऱ्यांत पायपेरोनिल ब्युटॉक्साइड हे दुसरं रसायन मिसळतात. ते विकरांना रोखतं. ते काही या फुलातून येत नाही. मग फुलाच्या चित्राशेजारी त्याचंही नाव नको का?

माणसाचं शरीर पायरेथ्रिन झपाट्याने मोडतं, उन्हात ते काही तासांत विरू लागतं. हे त्याचे मोठे गुण आहेत आणि मला त्यांची कदर आहे. पण मासे आणि मधमाश्या यांच्यासाठी ते जहालच. बागेत मारायचं तर मधमाश्या पोळ्यात परतल्यावर, संध्याकाळी मारावं, फुललेल्या झाडावर मारू नये. ही दोन वाक्यं बाटलीच्या पुढच्या बाजूला सहज मावतील.

दुसरा गोंधळ नावांचा. पायरेथ्रिन फुलातून येतं, पायरेथ्रॉइड कारखान्यात बनतं. शेवटचा तुकडा सोडला तर दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. स्टाउडिंगर आणि रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञांनी फुलातल्या द्रव्यांच्या रचनेवरचं आपलं काम 1924 मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे 1949 मध्ये ॲलेथ्रिन हे कृत्रिम रूप आलं आणि 1973 मध्ये उन्हात टिकणारं परमेथ्रिन. जपानमध्ये डासांची कॉइल जन्मली ती या फुलांच्या पुडीतून. आज बहुतेक कॉइलमध्ये कृत्रिम रूपच असतं. कृत्रिम म्हणजे वाईट, असं माझं म्हणणं मुळीच नाही. पायरेथ्रॉइड लावलेल्या मच्छरदाण्यांनी मलेरियापासून अगणित जीव वाचवले आहेत. पण टिकाऊपणा वेगळा म्हणजे काळजीही वेगळी. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचं तीव्र परमेथ्रिन मांजराला लावलं तर मांजर मरू शकतं, कारण मांजराचं यकृत ते नीट मोडू शकत नाही. ज्या घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत, तिथे हे एक वाक्य डोळ्यांसमोर हवं.

यात शेतकऱ्याचाही प्रश्न आहे. पायरेथ्रमची फुलं केनियात आजही हाताने, एकेक खुडून गोळा करतात आणि वाळवतात. एवढ्या खटपटीनंतर वाळलेल्या फुलात खरं औषध साधारण एक-दोन टक्के निघतं. एकेकाळी जगाला पुरवठा करणाऱ्या त्या देशात पैसे वेळेवर न मिळाल्याने अनेकांनी हे पीक सोडलं. फुलाचं चित्र कुणीही, कशावरही छापू शकत असेल, तर खऱ्या फुलाला भाव कसा मिळेल? म्हणून ज्यात फुलाचा अर्क नाही, त्यावर फुलाचं चित्र नको. ज्यात आहे, त्यावर त्याचं प्रमाण हवं.

लेबलाचे नियम बदलायचे तर उत्पादक म्हणतील, जागा नाही. माझ्याकडे ती रिकामी बाटली अजून आहे. तिच्यावरचं फूल मी पट्टीने मोजलं, नऊ सेंटीमीटर भरलं. सूचनेचं अक्षर जेमतेम एक मिलिमीटर. आपल्या अधिकाऱ्यांना हवी असेल तर बाटली आणि उरलेली फुलं घेऊन मी कार्यालयात येईन.

आपली विश्वासू,
एक ग्राहक