सूचना : विंडोज १० वरील संगणकांची तपासणी

सामायिक संगणक देखभाल गटाच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, विंडोज १० ची मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अधिकृतपणे थांबली असूनही आपल्या काही कार्यालयांत त्याच प्रणालीवर जीएसटीची विवरणपत्रे भरली जात असल्याने, येत्या शनिवारी सकाळी १० वाजल्यापासून आपले तंत्रज्ञ प्रत्येक कार्यालयात येऊन संगणक तपासतील.

विंडोज ११ साठी इतर अटींबरोबर टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची चिप) आवश्यक असते. ते पुष्कळदा संगणकात असते, फक्त बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेले असते. त्यामुळे तपासणीआधी कोणीही नव्या खरेदीची घाई करू नये. मात्र विंडोज १० च्या सुरक्षा अद्यतनांच्या, संस्थांसाठीच्या सशुल्क मुदतवाढीचा मूळ दर पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर असून तो दर वर्षी दुप्पट होतो, म्हणून जुने यंत्र रेटत राहणे स्वस्त पडेलच असे नाही. नव्या यंत्राचा हिशेब करताना १८ टक्के जीएसटी आणि यूपीएसची बॅटरीही धरावी.

सभासदांना विनंती :

- शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा. त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवलेली प्रत हा बॅकअप नव्हे.
- खरेदीची पावती आणि वॉरंटीचे कागद काढून ठेवावेत.
- पासवर्ड माहीत असलेली व्यक्ती हजर असावी. कीबोर्डखाली चिकटवलेली चिठ्ठी कृपया त्याआधी काढावी.

वार्षिक करारात सुटे भाग येत नाहीत, त्यांचे पैसे संबंधित कार्यालयाने द्यावयाचे आहेत. शनिवारी कार्यालय बंद असल्यास गुरुवारपर्यंत समन्वयकांना कळवावे.