सुई देताना पाळीचंही सांगा

संपादक महोदय,

दसरा झाला की आमचं निम्मं गाव रिकामं होतं. ऊसतोडीला कोयते निघतात, त्यांच्याबरोबर माझ्या वहीतल्या बायकाही. मी आशा सेविका. मागच्या हंगामात त्यातल्या एकीने निघायच्या पंधरा दिवस आधी उपकेंद्रात 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शनची पहिली सुई घेतली. दोन लेकरं, धाकटं दीड वर्षाचं. ऑपरेशन इतक्यात नको आणि रोजची गोळी उसाच्या फडात कुठली लक्षात राहते? तीन महिन्यांतून एकदाची ही सुई २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आहे, फुकट मिळते. मीच तिला घेऊन गेले होते.

नोव्हेंबरात रात्री साडेनऊला तिचा फोन. मागे ट्रॅक्टरचा आवाज. "ताई, अठरा दिस झाले, थांबंनाच. लई न्हाई, पण रोज डाग." कोपीला, म्हणजे फडावरच्या झोपडीला, आडोसा नाही, पाणी डोक्यावरून आणायचं, कपडा धुवायचा कुठे आणि वाळवायचा कुठे! शेजारच्या कोपीतल्या बाईने तोवर निकालही देऊन टाकला होता: गर्भाची पिशवी खराब झाली, काढून टाक.

बीड जिल्ह्यात हे वाक्य कुणी सहज म्हणून सोडून देऊ नये. २०१९ मध्ये पिशवी काढण्याच्या ऑपरेशनांची चौकशी करणाऱ्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

कारण चूक माझी होती. सुईची पुढची तारीख सांगितली, जागा चोळू नको म्हणाले, पाळीचं बोललेच नाही. रांग होती हे खरं. पण ते ऐकून बाई सुई न घेताच उठून जाईल, ही धास्तीही होती.

फोनवर तिला म्हटलं, सुईने बीज बाहेर पडायचं थांबतं आणि पिशवीचं अस्तर पातळ राहतं. सुरुवातीचे काही महिने ते कधीही थोडं थोडं गळतं, म्हणून डाग. पुढे पाळी येणंच बंद होईल, वर्षभर सुई घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांची होते. तेव्हा रक्त आत साठतंय असं समजू नकोस. चुलीत सरपणच घातलं नाही तर राख कुठून निघणार? मात्र नेहमीच्या दुप्पट जायला लागलं किंवा चक्कर आली, तर कामाचा खाडा पडला तरी दवाखाना गाठ.

डिसेंबरअखेर दुसरी सुई. फडाजवळच्या सरकारी दवाखान्यात आधी "पहिली घेतली तिथंच जा" म्हणून परत पाठवलं. तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत ही सुई देता येते, म्हणून मी तिला पुन्हा जायला लावलं. दुसऱ्या खेपेला एका सिस्टरने कार्ड पाहून दिली. म्हणजे दोन खाडे. कार्ड गावाचं असलं तरी बाई कारखान्यावर आहे, हे तिथल्या लोकांना दर हंगामात नव्याने कळतं की काय कोण जाणे.

माला-एन या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच. पाकिटातल्या २८ पैकी शेवटच्या सात गोळ्या नुसत्या लोहाच्या. त्या आठवड्यात हार्मोन थांबतात म्हणून रक्त जातं, बायकांना वाटतं 'साफ झालं'. आणि अंतरा सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने लागू शकतात, हे तर नव्या जोडप्यांना आधीच सांगायला हवं.

माझी मागणी एवढीच आहे. कोयते निघण्याआधी, सप्टेंबरात, गावोगावी सुईबरोबर पाळीवरही बैठक घ्या, आणि सासवांना व नवऱ्यांनाही बसवा. आमच्याकडे चार दिवस देवाला दिवा न लावणारी सून वीस दिवस लावेना, किंवा तीन महिने लावतच राहिली, की सगळ्यात आधी सासू बोलते.

पाडव्याला ती परत आली. रेशनकार्डाच्या पिशवीतून सुईचं कार्ड काढलं. मागच्या बाजूला पेनाने रेघा, डाग पडलेल्या प्रत्येक दिवसाची एक. आधी दाट, मग विरळ, मग कोरं. बरोबर जाऊबाई होती, तिलाही सुई हवी होती. तिला या वेळी मी पाळीचं आधी सांगितलं. ऐकून घेतलं, रेघांकडे बराच वेळ बघत राहिली आणि तांबी बसवून गेली.

एक आशा सेविका, ता. केज, जि. बीड
(नाव छापू नये ही विनंती)